घोडबंदर रस्ता, स्वामी विवेकानंद मार्ग आणि पाटीवरची दुसरी ओळ

साष्टीकर

माहीमच्या पुलावरून वांद्र्यात उतरल्यावर जो रस्ता खार, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली ही उपनगरे एकामागून एक ओलांडत दहिसरपर्यंत जातो, त्याचे अधिकृत नाव स्वामी विवेकानंद मार्ग आहे, तोंडी नाव एस. व्ही. रोड आहे आणि आमच्या घरातल्या जुन्या कागदपत्रांवरचे नाव घोडबंदर रोड आहे. या तिसऱ्या नावालाही पाटीवर जागा मिळावी, असे माझे मत आहे. सध्याचे नाव काढावे, असे मी अजिबात म्हणत नाही. निळ्या पाटीवर स्वामीजींचे नाव मोठ्या अक्षरांत जसे आहे तसेच राहावे आणि त्याखाली लहान अक्षरांत 'पूर्वीचा घोडबंदर रस्ता' एवढी एक ओळ यावी, इतकीच मागणी आहे.

कारण असे की, हा रस्ता असा का वळतो, तो रेल्वेला इतका चिकटून का धावतो आणि तो अमुक ठिकाणीच का संपतो, या प्रश्नांची उत्तरे आजच्या नावात मिळत नाहीत. जुन्या नावात ती अर्धीअधिक मिळतात. घोडबंदर हे साष्टी बेटाच्या, म्हणजे आजची उपनगरे ज्यावर आहेत त्या बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीकाठी वसलेले बंदर. पोर्तुगीजांच्या काळात तिथे अरबी घोडे उतरत असत म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. तिथला किल्ला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. आता मुंबई आणि साष्टी दोन्ही एकाच सत्तेखाली आली होती, परंतु मध्ये खाडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर डंकन यांच्या काळात शीवचा बांध झाला आणि कुर्ल्याकडून साष्टीत गाडीने जाता येऊ लागले. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र होडीच चालत राहिली. माहीमचा बांध १८४० च्या दशकाच्या मध्यावर झाला, तोही सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई म्हणजे लेडी जमशेटजी यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि त्यावर पथकर घेऊ नये अशी अट घातली तेव्हा. बांध झाल्यावर मुंबईतून निघालेल्या माणसाला बैलगाडीत बसून वांद्र्यापासून साष्टीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे घोडबंदरच्या धक्क्यापर्यंत जाता येऊ लागले आणि तिथून खाडी ओलांडून वसईकडे व पुढे गुजरातकडे. नाव त्या शेवटच्या धक्क्याचे आहे.

रस्त्याला तो जिथे पोहोचवतो त्या गावाचे नाव देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पूर्व उपनगरातला जुळा रस्ता पाहा. शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असा ठाण्याकडे जाणारा तो आग्रा रोड आज लालबहादूर शास्त्री मार्ग आहे आणि बोलताना एल. बी. एस. आहे. एक रस्ता हजारभर किलोमीटर दूरच्या शहराचे नाव घेऊन जात होता, दुसरा तासाभराच्या अंतरावरच्या बंदराचे. या दोन नावांमधला फरकच सांगून जातो की, एक देशाच्या आत जाणारा हमरस्ता होता आणि दुसरा बेटावरचा होडीपर्यंतचा रस्ता होता. एस. व्ही. आणि एल. बी. एस. या आद्याक्षरांवरून यातले काय कळते?

पुढची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली आणि तिने वसईची खाडी घोडबंदरला न ओलांडता पश्चिमेला, भाईंदरजवळ पुलाने ओलांडली. ज्या होडीसाठी रस्ता होता, त्या होडीची गरजच त्यामुळे मागे पडली. रस्त्याचे टोक ओस पडले आणि त्याचे अंग मात्र भरत गेले, कारण स्थानके या रस्त्याच्या शेजारीच आली आणि स्थानक व रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बाजार, शाळा, चित्रपटगृहे व चाळी दाटल्या. अंधेरी किंवा मालाड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून रस्त्यापर्यंत जी काही पावले चालावी लागतात, ती मोजून पाहावीत. पुढे पश्चिम द्रुतगती महामार्गाने लांब पल्ल्याची वाहने पूर्वेकडे नेली आणि त्याहीनंतर पश्चिमेला लिंक रोड आला. आज एस. व्ही. रोड हा कुठेही न जाणारा, फक्त उपनगरांच्या मधून जाणारा रस्ता आहे. तो कधीकाळी कुठेतरी जात होता, ही आठवण एका ओळीत राहिली तर कोणाचे काय बिघडणार आहे?

पाटीवाचक

साष्टीकर, आपण इतिहास नेटका मांडला आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींवर माझा आक्षेप नाही. आक्षेप शेवटच्या प्रश्नाला आहे. बिघडणार आहे, आणि ते ठाण्यात राहणाऱ्या माणसाला सर्वांत आधी कळेल.

घोडबंदर रोड हे नाव मेलेले नाही. ते ठाण्यात रोज वापरात आहे. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली, गायमुख असा खाडीच्या काठाकाठाने घोडबंदरकडे जाणारा तो रस्ता आज मुंबई महानगर प्रदेशातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे, आणि त्या बाजूच्या हजारो इमारतींच्या पत्त्यात ते नाव छापलेले आहे. एकेकाळी वांद्र्याकडून आणि ठाण्याकडून येणारे हे दोन्ही रस्ते एकाच गावापाशी भेटत असल्याने दोघांनाही तेच नाव असण्यात काही गैर नव्हते. तेव्हा 'ठाण्याचा घोडबंदर रोड' किंवा 'मालाडचा घोडबंदर रोड' असे म्हटले की भागत असे. आज कांदिवलीच्या पाटीवर, भले लहान अक्षरांत का होईना, 'घोडबंदर रस्ता' लिहिले की रिक्षावाला, कुरिअरवाला आणि रुग्णवाहिकेचा चालक या तिघांपैकी एक तरी गोंधळणार. 'पूर्वीचा' हा शब्द धावत्या गाडीतून वाचला जात नाही.

दुसरा मुद्दा तत्त्वाचा आहे. आपण म्हणता की, नावात रस्त्याचे टोक दिसले पाहिजे. माझ्या मते पाटी ही वाट चुकलेल्या माणसासाठी असते आणि त्या माणसाला आपण या क्षणी कुठे आहोत एवढेच हवे असते. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडी कुठे निघाली होती, हे सांगण्याची जागा वस्तुसंग्रहालय आहे, पुस्तक आहे, फार तर एखादा माहितीफलक आहे. आणि टोकाचे नाव हीच कसोटी लावायची असेल, तर प्रामाणिकपणे सांगायला हवे की, आज हा रस्ता घोडबंदरला जातच नाही. तो दहिसरला महामार्गाच्या जाळ्यात मिसळून संपतो. पुढचे काशिमीरा आणि घोडबंदरपर्यंतचे अंतर आज आपण महामार्गाने कापतो. जो रस्ता जिथे जात नाही, त्याचे नाव त्याच्या पाटीवर लिहिणे ही आठवण नव्हे, चुकीची दिशा दाखवणे आहे.

तिसरा मुद्दा थोडा कडू आहे, पण तो बोलायला हवा. जुनी नावे परत आणण्याच्या चर्चेत नेहमी असा एक सूर असतो की, जुने म्हणजे निर्मळ आणि नवे म्हणजे राजकीय. घोडबंदर रोड हे नावही कोणत्या तरी सरकारच्या कचेरीतच पक्के झाले होते. नकाशे इंग्रजांनी काढले, त्यावर नावे त्यांनी लिहिली आणि त्या वेळी इथल्या कोणत्याही गावाला विचारले नव्हते.

निवृत्त टपाली

आपण दोघेही पत्त्याबद्दल बोलत आहात म्हणून लिहितो, कारण या रस्त्याचे पत्ते मी नोकरीच्या बऱ्याच वर्षांत हाताळले आहेत.

पाटीवाचक म्हणतात तो गोंधळ आम्ही पाहिला आहे आणि तो आम्ही निभावूनही नेला आहे. छाटणीच्या टेबलासमोर लाकडी खणांची मांडणी असते. प्रत्येक खण म्हणजे एका पोस्टमनची बीट. गावाकडून आलेल्या आंतरदेशीय पत्रावर बोरूसारख्या जाड टाकाने 'घोडबंदर रोड, मालाड, मुंबई' असे लिहिलेले असायचे आणि पिन कोडची जागा कोरी. ते पत्र हातात आले की नव्या मुलाचा हात हवेतच थांबायचा, कारण त्याच्या यादीत तसा रस्ताच नसे. जुना सहकारी न बघता ते उचलून योग्य खणात टाकायचा. यावरून मी असे म्हणणार नाही की जुने नाव पाटीवर हवे. मी उलट असे म्हणतो की, एवढ्या लांब रस्त्याचे नाव, जुने असो की नवे, पत्ता म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. आम्हाला 'घोडबंदर रोड' या शब्दांनी काही कळत नव्हते. कळत होते ते 'मालाड' या शब्दाने.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, तेव्हा हे आणखी स्पष्ट झाले. हा एक रस्ता वांद्र्याला ४०० ०५० मध्ये असतो, खारला ४०० ०५२, सांताक्रूझला ४०० ०५४, पार्ल्याला ४०० ०५६, अंधेरीला ४०० ०५८, आणि तसाच मालाडला ४०० ०६४, कांदिवलीला ४०० ०६७, दहिसरला ४०० ०६८. इतक्या टपाल विभागांतून जाणाऱ्या रस्त्यावर वांद्र्यापासून दहिसरपर्यंत एका सलग क्रमाने घरांना क्रमांक दिलेले असते, तर गोष्ट वेगळी होती. तसे ते नाहीत. इमारतीची खरी ओळख नगर भूमापन क्रमांकाने, म्हणजे सिटी सर्व्हे नंबराने होते आणि माणसांच्या तोंडी ती 'मशिदीसमोर', 'तलावाजवळ', 'जुन्या सिनेमाच्या मागे' अशी होते. सिनेमा पाडून तिथे बहुमजली इमारत झाली तरी पत्ता सिनेमाचाच राहतो.

म्हणून माझी सूचना तुम्हा दोघांना पटणार नाही अशी आहे. एवढ्या लांब रस्त्याला एकच नाव असू नये. वीसेक किलोमीटरहून लांब रस्त्याचे उपनगरांप्रमाणे तुकडे करावेत आणि प्रत्येकाला त्या त्या वस्तीचे नाव द्यावे. पाटीवर 'स्वामी विवेकानंद मार्ग' असले आणि कोणते उपनगर ते नसले, तर वाट चुकलेला माणूस चुकलेलाच राहतो.

साष्टीकर

टपालीकाका, आपल्या अनुभवापुढे मी वाद घालत नाही. परंतु तुकडे करण्याच्या सूचनेला माझा पूर्ण विरोध आहे. या रस्त्याचा एकसंधपणा हीच त्याची खरी गंमत आहे. वांद्र्याला माहीमच्या खाडीकडे पाठ करून निघालेला माणूस एकदाही वळण न विचारता दहिसरपर्यंत जाऊ शकतो, कारण नाव बदलत नाही. दक्षिण मुंबईत काय झाले ते पाहा. ह्यूज रोड सीताराम पाटकर मार्ग झाला, पेडर रोड गोपाळराव देशमुख मार्ग झाला, वॉर्डन रोड भुलाभाई देसाई मार्ग झाला. एकमेकांना लागून असलेल्या रस्त्यांवर नावांची अशी दाटी झाली की अधिकृत नावे पाटीवर राहिली आणि लोकांनी आपली जुनी नावे तोंडात ठेवली. उपनगराच्या एका लांब रस्त्याचे दहा तुकडे करून प्रत्येकाला नवे नाव दिले तर त्या दहाही नावांचे तेच होईल.

पाटीवाचकांच्या ठाण्याच्या मुद्द्याला मात्र मी मान देतो. तो मी आधी विचारात घ्यायला हवा होता. पण हा रस्ता आज घोडबंदरला जात नाही म्हणून त्याचे नाव चुकीचे, हा युक्तिवाद मला पटत नाही. ठाण्यात 'जुना आग्रा रोड' असे लोक अजून म्हणतात आणि त्यावरून कोणी आग्र्याला जायला निघालेला मी पाहिलेला नाही. 'जुना' या एका शब्दात माणसे किती समजून घेतात, याचा आपण कमी अंदाज करतो.

गावठाणातली

मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली आहे आणि माझे माहेर बोरिवलीच्या बाजूच्या एका गावठाणात आहे. चर्चा वाचून मला थोडे हसू आले, कारण आमच्या घरी या रस्त्याला कोणीच घोडबंदर रोड म्हणत नव्हते. आजी 'मोठा रस्ता' म्हणायची. "मोठ्या रस्त्यावर जाऊ नकोस," एवढेच. घोडबंदर हे नाव नकाशावाल्यांचे आणि सरकारी कागदांचे. विवेकानंद हे नाव महापालिकेचे. ज्यांच्या शेतांमधून, आगरांमधून आणि वाड्यांमधून हा रस्ता गेला, त्यांनी त्याला दिलेले नाव पाटीवर येण्याची शक्यता नाही, कारण 'मोठा रस्ता' हे पाटीवर लिहिण्यासारखे नाव वाटत नाही.

तेव्हा पाटीवाचकांचे एक वाक्य मला पटले: त्या वेळी इथल्या गावांना कोणी विचारले नव्हते. मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. विचारले नव्हते म्हणून आता गप्प बसायचे का? इर्ला, आंबोली, पोईसर, शिंपोली, एकसर, वझिरा ही सगळी नावे या रस्त्याच्या आजूबाजूची आहेत आणि बाहेरून आलेल्या माणसाला ती एखाद्या बसथांब्यापलीकडे कुठे दिसत नाहीत. सुरुवातीला स्थानक निघाले तेव्हा जवळच्या गावाचे नाव मिळाले, आणि मग स्थानकाचे नाव इतके मोठे झाले की शेजारची चार गावे त्याखाली दबली. रस्त्याच्या नावाने उरलेले काम केले.

माझी मागणी पाटीच्या दुसऱ्या ओळीची नाही, पुलांची आहे. हा रस्ता जोगेश्वरी आणि गोरेगावच्या दरम्यान ओशिवरा नदी ओलांडतो, कांदिवलीला पोईसर नदी ओलांडतो आणि पुढे दहिसर नदी. दक्षिणेच्या टोकाला मिठी आहेच. रोज या पुलांवरून जाणाऱ्या किती जणांना ही नदी आहे हे माहीत असते? कठडा दोन्ही बाजूंना इतका उंच, आणि खाली पाण्याऐवजी काळा गाळ, म्हणून 'नाला' म्हणून मोकळे होतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे नाले नद्या असल्याचे सर्वांना एका दिवसात कळले. त्या दिवशी आमच्या गावठाणातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठून येणार आणि कुठे थांबणार हे आधी ठाऊक होते, कारण त्यांच्या तोंडी नदीचे नाव होते. त्या प्रत्येक पुलावर नदीचे नाव ठळक लिहा. घोडबंदर नंतर बघू.

मार्गस्थ

एका बाजूबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मध्ये पडतो. सगळेजण असे गृहीत धरून चालले आहेत की, स्वामी विवेकानंदांचे नाव या रस्त्याला उगाच चिकटवलेले आहे. शिकागोला जाण्यासाठी विवेकानंदांचे जहाज ३१ मे १८९३ रोजी मुंबईतूनच निघाले. त्याआधी ते मुंबईहून पुण्याला गेले, तेव्हा गाडीत त्यांची लोकमान्य टिळकांशी ओळख झाली आणि पुण्यात ते टिळकांच्या घरी राहिले. याच रस्त्याच्या जवळ, खारला रामकृष्ण मठाचे केंद्र १९२३ पासून आहे. वांद्र्याच्या तलावालाही त्यांचेच नाव आहे. म्हणजे या परिसराशी त्यांचे नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आणि नाते नसते तरी काय झाले असते? स्मरणार्थ नाव देणे ही वाईट रीत आहे, असे मला वाटत नाही. मला खटकते ती आद्याक्षरांची रीत. एस. व्ही., एल. बी. एस., दक्षिण मुंबईत दादाभाई नौरोजींचा डी. एन. रोड, पुण्यात जंगली महाराजांचा जे. एम. रोड. नाव देण्यासाठी ठराव करायचा, समारंभ करायचा आणि मग तो माणूस दोन इंग्रजी अक्षरांत गुंडाळून ठेवायचा. साष्टीकरांना दुसरी ओळ हवी आहे. मला तर आधी पहिली ओळ लोकांच्या तोंडी हवी आहे. बसच्या घोषणेत, दुकानाच्या पाटीवर आणि रिक्षात 'विवेकानंद मार्ग' म्हटले जाऊ लागले, तर जुन्या नावाची उणीव इतकी भासणार नाही. मराठीत 'विवेकानंद मार्ग' हे उच्चारायला काही अवघड नाही, 'एस. व्ही. रोड' मात्र मराठी वाक्यात बसतच नाही.

पाटीवाचक

मार्गस्थ, लोकांच्या तोंडी काय असावे हे पाटी ठरवू शकत नाही, हे या धाग्यात प्रत्येकाने आपल्या परीने सिद्ध केले आहे. वांद्र्याचा हिल रोड अधिकृतरीत्या रामदास नायक मार्ग आहे. तिथे उभे राहून रिक्षावाल्याला ते नाव सांगून पाहा. पुण्यातला फर्ग्युसन कॉलेज रस्ता नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, आणि तिथे तर दोन्ही नावे आदराचीच आहेत; तरीही तो एफ. सी. रोडच राहिला. लोक लहान नाव निवडतात. सन्मानाशी त्याचा संबंध नाही.

गावठाणातली यांच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत व्हायला तयार आहे आणि त्यामुळे माझ्याच भूमिकेत थोडी फट पडते, हेही मला दिसते. पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तेव्हा मी त्याचे स्वागत केले होते, कारण एका गव्हर्नराच्या जागी त्या वस्तीचे नाव आले. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने ज्या स्थानकांच्या नामांतराचे ठराव केले, त्यांतही करी रोडसाठी लालबाग, चर्नी रोडसाठी गिरगाव, डॉकयार्ड रोडसाठी माझगाव, कॉटन ग्रीनसाठी काळाचौकी अशी वस्तीचीच नावे होती. म्हणजे नाव त्या जागेचेच असावे, हे मला तिथे पटते. मग रस्त्याच्या बाबतीत मी का अडतो? कारण स्थानक एका जागी उभे असते आणि त्याला जागेचे नाव शोभते. रस्ता अनेक जागांतून जातो. त्याला कोणत्या एका जागेचे नाव द्यायचे, हा प्रश्न सुटत नाही, म्हणून त्याला माणसाचे नाव द्यायची वेळ येते.

साष्टीकर

याच प्रश्नाचे उत्तर जुन्या लोकांनी दिले होते. रस्ता अनेक जागांतून जातो म्हणून त्याला शेवटच्या जागेचे नाव द्यायचे. त्यात वाटेतल्या कोणत्याही गावाला झुकते माप मिळत नाही. खारला नाही आणि मालाडलाही नाही.

एक गोष्ट मी आधी लिहायला विसरलो. १९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरी-जोगेश्वरीच्या भागापर्यंत आली आणि १९५७ मध्ये ती दहिसरपर्यंत गेली. त्याआधी हा रस्ता वेगवेगळ्या स्थानिक संस्थांच्या हद्दींतून जात होता आणि तरीही त्याचे नाव एकच होते. सगळा रस्ता एका महापालिकेखाली आल्यावर त्याच्या नावातून हद्दीबाहेरचे गाव गळाले, कारण घोडबंदर आज मिरा-भाईंदरमध्ये आहे. यात कोणाचा डाव होता, असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या हद्दीपलीकडचे गाव आपल्या पाटीवर लिहायला महापालिकांना जड जाते, एवढे तर आपण मान्य कराल.

निवृत्त टपाली

हद्दीचे म्हणाल तर ते आमच्याकडेही होते. एका कचेरीच्या बीटमधला शेवटचा दरवाजा आणि दुसरीच्या बीटमधला पहिला दरवाजा यांच्यामध्ये एक भिंत, आणि पत्र चुकून पलीकडे गेले तर त्याचा परतीचा प्रवास दोन दिवसांचा. रस्ता एक असून.

तुकडे करण्याची माझी सूचना मागे घेतो, कारण दक्षिण मुंबईचे उदाहरण मला पटले. पण एक दुरुस्ती सुचवतो: पाटीवर दुसरी ओळ यायचीच असेल, तर ती उपनगराच्या नावाची यावी. 'स्वामी विवेकानंद मार्ग' आणि खाली 'कांदिवली पश्चिम'. बटवड्याला तेवढे पुरते.

गावठाणातली

कांदिवली पश्चिम कशाला, पोईसर लिहा ना काका.

पाटीवाचक

शेवटचे लिहितो आणि थांबतो. साष्टीकर, आपली ओळ प्रत्येक पाटीवर यायला माझा विरोध कायम आहे. मात्र दोन ठिकाणी ती आली तर मी हरकत घेणार नाही: माहीमचा पूल संपून रस्ता वांद्र्यात शिरतो तिथे आणि दहिसरला तो महामार्गाला मिळतो तिथे. पहिल्या ठिकाणी रस्ता सुरू होतो म्हणून, आणि दुसऱ्या ठिकाणी घोडबंदर खरोखरच पुढे आहे म्हणून. तिथल्या पाटीवर 'पूर्वीचे नाव' असे लिहू नका. 'घोडबंदरच्या धक्क्याकडे जाणारा जुना रस्ता' असे लिहा. ठाण्याचा माणूस त्याने गोंधळणार नाही.

साष्टीकर

'धक्क्याकडे' हा शब्द चांगला आहे. तो मला सुचायला हवा होता. दोन पाट्या मान्य. मधल्या पाट्यांबद्दल मी पुन्हा लिहीन.